यॅमल फाईल वाचली, एरर आली नाही, तरी फील्ड रिकामी का?

प्रश्न थोडक्यात असा. गो भाषेतली एक सर्व्हिस सुरू होताना यॅमलची कॉन्फिग फाईल, म्हणजे सेटिंग्जची फाईल, वाचते. पोर्ट नीट येतो, पण रीड टाइमआउट आणि डेटाबेस कनेक्शनची मर्यादा शून्यच राहते. एरर कुठेच नाही. शिवाय लॅपटॉपवर सापडणारी फाईल सर्व्हरवर सापडत नाही. आणि शेवटी विचारले आहे की जेसन, यॅमल, टॉमल या फाईल-स्वरूपांतले काय घ्यावे, की हे सगळे सोडून सरळ वायपर ही कॉन्फिग वाचणारी तयार लायब्ररी लावावी.

आधी रिकाम्या फील्डांचे बघू. फाईलमधली मूल्ये गोमध्ये स्ट्रक्टमध्ये, म्हणजे नावे असलेल्या फील्डांच्या गटात, भरली जातात. फील्डला टॅग, म्हणजे फाईलमधले नाव सांगणारी चिठ्ठी, नसेल तर गोची यॅमल लायब्ररी फील्डचे नाव सगळे स्मॉल अक्षरांत घेते आणि नेमकी तीच की (मूल्याचे नाव) फाईलमध्ये शोधते. तुमच्या स्ट्रक्टमध्ये ‘रीडटाइमआउट’ असे जोडनाव आहे, म्हणजे ती जोडून लिहिलेली कीच शोधणार. फाईलमध्ये मात्र दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर आहे. लायब्ररीच्या लेखी ही दोन वेगळी नावे. फाईलमधली की तिला अनोळखी वाटली, तिने ती सोडून दिली. स्ट्रक्टमधल्या फील्डला कोणी हात लावला नाही, ते शून्य राहिले. ‘पोर्ट’ एकाच शब्दाचा म्हणून सहीसलामत पोचला. प्रत्येक फील्डला टॅग लावा, एकही न वगळता, म्हणजे आजचे लक्षण जाईल.

टॅग लावताना फील्डचे पहिले अक्षर कॅपिटल आहे ना हेही बघा. स्मॉल अक्षराचे फील्ड पॅकेजबाहेर दिसत नाही आणि डीकोडर, म्हणजे फाईल वाचून स्ट्रक्ट भरणारा कोड, तुमच्या पॅकेजबाहेरचाच असतो. अशा फील्डवर जेसनचा टॅग असेल तर ‘गो व्हेट’ हा गोचा तपासनीस ओरडतो, पण हे तो फक्त जेसन आणि एक्सएमएलच्या टॅगांसाठी करतो; यॅमलच्या टॅगबद्दल तो गप्प. जेसनची सवय असलेल्यांना आणखी एक ठेच लागते: एम्बेड केलेल्या, म्हणजे नाव न देता आत बसवलेल्या, स्ट्रक्टची फील्डे जेसनमध्ये आपोआप वरच्या पातळीवर येतात, यॅमलमध्ये त्यासाठी टॅगात ‘इनलाइन’ लिहावे लागते.

पण टॅग लावून थांबलात तर पुढच्या महिन्यात कोणीतरी फाईलमध्ये स्पेलिंग चुकवेल आणि तुम्ही पुन्हा इथेच याल. अनोळखी की मुकाट्याने सोडून द्यायची, हा डीकोडरचा मूळ स्वभाव हीच खरी अडचण. गोमध्ये त्याची किंमत जरा जास्त मोजावी लागते, कारण इथे शून्यालाही अर्थ असतो. एचटीटीपी सर्व्हरचा रीड टाइमआउट शून्य म्हणजे ‘लगेच तोड’ नव्हे, ‘कधीच तोडू नको’. डेटाबेसच्या पॅकेजमध्ये उघड्या कनेक्शनची कमाल संख्या शून्य म्हणजे अमर्याद. नेमकी हीच दोन फील्डे तुमच्याकडे रिकामी येताहेत. म्हणजे फाईलमध्ये लिहिलेल्या ३० सेकंद आणि २० कनेक्शनचा लगाम घातलाय अशा समजुतीत तुम्ही, आणि सर्व्हिस मोकाट. टेस्टमध्ये हे दिसत नाही. गर्दी वाढली की दिसते, आणि त्या वेळी कॉन्फिग फाईल उघडून बघायचे कोणाच्या डोक्यात येत नाही. सगळे डेटाबेसच्या मागे लागलेले असतात.

तेव्हा डीकोडर कडक करा. यॅमल लायब्ररीच्या तिसऱ्या आवृत्तीत थेट ‘अनमार्शल’ हे एका फटक्यात वाचणारे फंक्शन न वापरता ‘न्यूडीकोडर’ने डीकोडर बनवा आणि त्यावर अनोळखी की नाकारणारे ‘नोनफील्ड्स’ ट्रू करा. जेसनच्या डीकोडरमध्ये ‘डिसअलाउ-अननोन-फील्ड्स’ ही सोय गो १.१० पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. टॉमलच्या बर्न्टसुशी लायब्ररीत डीकोड झाल्यावर हाती येणाऱ्या मेटाडेटाला ‘अनडीकोडेड’ विचारले की न वापरलेल्या कींची यादी मिळते; ती रिकामी नसेल तर प्रोग्रॅम थांबवा. रस्ट भाषावाल्यांना सर्ड लायब्ररीमध्ये हेच काम एका ॲट्रिब्यूटने होते. भाषा कुठलीही असो, कंपायलर तुमचे स्ट्रक्ट तपासतो. फाईल त्याने बघितलेलीच नसते. तो पहारा तुम्हालाच उभा करावा लागतो.

कडक डीकोडरच्या काही खोडी माहीत असाव्यात. फाईल पूर्ण रिकामी असेल तर यॅमलचे ‘अनमार्शल’ खुशाल ‘सगळे ठीक’ म्हणते, डीकोडर मात्र ‘एंड ऑफ फाईल’ची एरर देतो. मला डीकोडरचे वागणेच आवडते. डिप्लॉय स्क्रिप्टने रिकामी फाईल टाकली तर ते कळलेच पाहिजे. फाईलच्या मध्ये कुठे तीन डॅशची ओळ आली तर तिथून पुढे दुसरा दस्तऐवज सुरू होतो आणि एकदाच बोलावलेला ‘डीकोड’ फक्त पहिला वाचतो. जेसनच्या डीकोडरचेही तसेच, पहिली व्हॅल्यू संपली की तो समाधानी. मागे काय कचरा उरलाय ते बघत नाही. म्हणून ‘डीकोड’ दुसऱ्यांदा बोलवा आणि ‘एंड ऑफ फाईल’ मिळतो याची खात्री करा.

सगळ्यात चोरटी खोड, एखादा टाइप कसा वाचायचा हे ठरवायला स्वतः लिहिलेल्या ‘अनमार्शल-यॅमल’ मेथडमध्ये आहे. तिसऱ्या आवृत्तीत ही मेथड नोड, म्हणजे फाईलचा वाचलेला तुकडा, घेते, आणि आत तुम्ही ‘नोड.डीकोड’ केले की त्या नोडखालच्या भागासाठी नवा डीकोडर तयार होतो. त्याला तुमच्या ‘नोनफील्ड्स’ची खबर नसते. वरून फाईल कडक, आतला एक कप्पा ढिला. या मेथडची जुनी सिग्नेचर, म्हणजे नोडऐवजी फंक्शन घेणारी, अजून चालते आणि तिच्यात कडकपणा टिकतो. मी अशा ठिकाणी तीच वापरतो.

कडकपणाचा एक खराखुरा तोटाही आहे. फाईलमध्ये नवी की आली, नवी बायनरी (तयार प्रोग्रॅम) बिघडली, तुम्ही जुनी बायनरी परत लावली, तर जुनी बायनरी त्या कीला बघून सुरूच होणार नाही. रात्री रोलबॅक करताना हे नको. उपाय क्रमाचा आहे: आधी की ओळखणारी बायनरी जाऊ द्या, ती स्थिरावली की मग फाईलमध्ये की टाका. की काढायची असेल तर उलट: आधी फाईलमधून, मग कोडमधून, आणि मधल्या एका रिलीजपुरते ते फील्ड ‘आता वापरात नाही’ अशी लॉगमध्ये सूचना देऊन राहू द्या.

आता डिफॉल्ट. सोपी रीत म्हणजे स्ट्रक्ट आधी डिफॉल्ट मूल्यांनी भरायचे आणि त्यावरच फाईल डीकोड करायची. फाईलमध्ये नसलेल्या फील्डांना डीकोडर हात लावत नाही, त्यामुळे डिफॉल्ट टिकते. मात्र संमिश्र प्रकारांत नियम बदलतो. डिफॉल्टमध्ये स्लाइस, म्हणजे यादी, असेल आणि फाईलमध्येही तीच की असेल तर फाईलमधली यादी जुनी पुसून येते. मॅप, म्हणजे की आणि मूल्यांच्या जोड्या, असेल तर मात्र जुन्या नोंदी राहतात आणि नव्या त्यांत मिसळतात. समजा डिफॉल्ट मॅपमध्ये दोन हेडर आहेत आणि फाईलमध्ये वापरकर्त्याने एकच लिहिला. त्याला वाटते एकच जाईल, जातात तीन. म्हणून डिफॉल्टमध्ये मॅप ठेवू नका. फाईल वाचून झाल्यावर मॅप रिकामा आहे का बघा आणि मग भरा.

‘लिहिलेच नाही’ आणि ‘मुद्दाम शून्य लिहिले’ यांत फरक करायचा असेल तर पॉइंटर फील्ड, म्हणजे मूल्याचा पत्ता ठेवणारे, घ्या. निल म्हणजे लिहिलेले नाही. पण सगळीकडे पॉइंटर पेरू नका, पुढचा सगळा कोड निल तपासण्यांनी भरून जातो. वाचायचे स्ट्रक्ट वेगळे आणि प्रोग्रॅमभर फिरणारे स्ट्रक्ट वेगळे ठेवले तर पॉइंटर पहिल्यातच राहतात.

हे सगळे प्रत्यक्षात बघायचे असेल तर प्रोमिथियस या मॉनिटरिंग प्रोग्रॅमच्या सोर्समधले कॉन्फिग पॅकेज उघडा. तिथे प्रत्येक भागाच्या अनमार्शल मेथडमध्ये आधी डिफॉल्ट भरतात, मग त्याच स्ट्रक्टवरून ‘प्लेन’ नावाचा स्थानिक टाइप बनवून त्यात डीकोड करतात. नव्या टाइपला मेथड नसतात, त्यामुळे ती मेथड स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत बसत नाही. आणि डीकोड झाल्या झाल्या तिथेच पडताळणी.

वेळेच्या फील्डबद्दल थोडे सविस्तर. गोचा ‘ड्युरेशन’ आतून नॅनोसेकंदांची पूर्ण संख्या आहे. जेसनमध्ये ३० लिहिले तर ३० नॅनोसेकंद होतात, आणि ‘३०एस’ (३० सेकंद) अशी स्ट्रिंग लिहिली तर एरर येते. यॅमल लायब्ररी ‘३०एस’ समजून घेते. नुसते ३० लिहिले तर दुसरी आवृत्ती ते नॅनोसेकंद धरायची, तिसरी सरळ नाकारते, आणि तेच बरोबर. दिवसासाठी गोच्या ‘पार्स-ड्युरेशन’मध्ये एककच नाही, एक आठवडा म्हणायचे तर १६८ तास लिहा. प्रोमिथियसने याच कारणाने स्वतःचा ड्युरेशन टाइप केला आहे, त्यात दिवस, आठवडा, वर्ष चालते. तुम्हीही छोटा टाइप करून त्याला ‘अनमार्शल-टेक्स्ट’ मेथड द्या. जेसन, यॅमल, टॉमल तिन्ही लायब्रऱ्या ती मेथड मानतात, एकदा लिहिली की काम झाले. लॉग लेव्हल, बाइटमधली साइज, यूआरएल यांनाही हीच रीत लावा. स्ट्रिंग म्हणून वाचून पुढे कुठेतरी पार्स करण्यापेक्षा वाचतानाच बिघडलेले बरे.

फाईल स्ट्रक्टमध्ये न वाचता स्ट्रिंग-ते-काहीही अशा मॅपमध्ये वाचण्याचा मोह टाळा. समजा शाखांच्या यादीत पुण्याचा एसटीडी कोड अवतरणांशिवाय ०२० लिहिला. यॅमल १.१ मध्ये शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान (आठच्या पायाची) धरली जाते, आणि गोची लायब्ररी या बाबतीत जुनाच नियम पाळते. मॅपमध्ये वाचलेत तर पुणे १६ होते आणि नागपूरचे ०७१२ होते ४५८. फील्ड स्ट्रिंग प्रकारचे असेल तर तेच अक्षरशः ०२० येते, कारण लायब्ररीला काय हवे ते तुम्ही आधीच सांगितलेले असते. ‘येस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ यांचेही तसेच: २००९ च्या यॅमल १.२ ने ते बूलियनमधून काढले, गोची तिसरी आवृत्ती फील्ड बूल असेल तरच त्यांना बूलियन मानते, पण पायथनची पायॅमल अजून १.१ वर आहे. तुमची सर्व्हिस गोमध्ये आणि डिप्लॉय स्क्रिप्ट पायथनमध्ये असेल तर एकाच फाईलचे दोन अर्थ लागतात. म्हणून यॅमलमध्ये स्ट्रिंग म्हणजे अवतरणात, असा टीमचा नियमच करा.

मग काय घ्यावे? माणूस हाताने लिहिणार असेल आणि रचना दोन पातळ्यांपलीकडे जात नसेल तर मी टॉमल घेतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या या स्वरूपाचे १.० विनिर्देश २०२१ मध्ये पक्के झाले. त्यात ०२० लिहिले तर एरर येते, अंदाज बांधला जात नाही. जेसनही तिथे एररच देतो, पण जेसनमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही, आणि ‘हा टाइमआउट का वाढवला’ हे ज्या फाईलमध्ये लिहिता येत नाही ती माणसांसाठी नव्हे. शिवाय गोच्या जेसन एररमध्ये ओळ क्रमांक नसतो, फक्त बाइटचा ऑफसेट. तिथपर्यंतच्या नव्या ओळी मोजून ओळ तुम्हाला काढावी लागते. मशीनने लिहून मशीनने वाचायची फाईल असेल तर जेसन उत्तम. बाकी सगळे कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेत असेल तर यॅमलशी भांडण्यात अर्थ नाही, तेच ठेवा. फक्त गोची मूळ यॅमल लायब्ररी तिच्या लेखकाने २०२५ मध्ये देखभाल थांबवून गोठवली आहे. यॅमल संघटनेने तीच पुढे वेगळ्या इम्पोर्ट पाथवर चालू ठेवली आहे. नव्या कोडमध्ये तो पाथ घ्या.

सर्व्हरवर फाईल न सापडण्याचे कारण साधे आहे. सापेक्ष पाथ चालू डिरेक्टरीवरून मोजला जातो, बायनरीच्या जागेवरून नाही. लॅपटॉपवर तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवता. लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टीमडीच्या सिस्टीम सर्व्हिसची चालू डिरेक्टरी काही सांगितले नाही तर रूट असते. बायनरीचा पाथ काढून त्याच्या शेजारी फाईल शोधायची युक्ती ‘गो रन’मध्ये फसते, कारण तिथे बायनरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनते. फाईलचा पाथ फ्लॅगने, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना दिलेल्या पर्यायाने, घ्या, आणि फाईल सापडली नाही तर एररमध्ये पूर्ण पाथ छापा. पाच ठिकाणी शोधत फिरणारा प्रोग्रॅम सोयीचा वाटतो, पण मग कोणत्या ठिकाणची फाईल उचलली हे कोणालाच सांगता येत नाही. डिफॉल्ट फाईल बायनरीतच हवी असेल तर गो १.१६ पासूनचे ‘एम्बेड’ पॅकेज आहे. त्याच्या पाथमध्ये वरच्या फोल्डरला जाणारे दोन टिंब चालत नाहीत, तेवढे लक्षात ठेवा.

पासवर्ड वगैरे एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या व्हेरिएबलांतून, येणार असतील तर फाईलच्या मजकुरात डॉलरने सुरू होणाऱ्या नावांच्या जागी मूल्ये भरून मग पार्स करू नका. पासवर्डमध्ये स्पेस आणि हॅश आला की यॅमल पुढचा भाग टिप्पणी समजते. डॉलर आला की तोच विस्तारला जातो. आधी फाईल पार्स करा, मग ठरावीक फील्डांवर एन्व्हायर्नमेंटचे मूल्य ठेवा, आणि त्यासाठी ‘गेटएन्व्ह’ नको, ‘लुकअपएन्व्ह’ घ्या. रिकामे ठेवलेले आणि नसलेले यांतला फरक तेच सांगते. गुप्त फील्डांना स्वतःचा टाइप द्या, ज्याची ‘स्ट्रिंग’ मेथड फक्त तारे छापते. कधीतरी कोणीतरी पूर्ण कॉन्फिग लॉगमध्ये टाकणारच आहे.

सगळे एकत्र झाले की एकच ‘व्हॅलिडेट’ मेथड. कडक डीकोडर जास्तीच्या की पकडतो, राहून गेलेल्या नाही. ते काम इथे. पहिल्या चुकीवर परत फिरू नका. गो १.२० मधल्या ‘एरर्स.जॉइन’ने सगळ्या चुका एकदम सांगा, नाहीतर फाईल लिहिणारा माणूस एक दुरुस्त करतो, रीस्टार्ट करतो, दुसरी बघतो, आणि वैतागतो. ‘एनजिनएक्स’ या वेब सर्व्हरला जसा फक्त कॉन्फिग तपासणारा फ्लॅग आहे तसा तुमच्या बायनरीलाही द्या, आणि रेपोतल्या सगळ्या नमुना फाईली त्यातून काढणारी एक टेस्ट सीआयमध्ये, म्हणजे कोड टाकल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत, ठेवा.

वायपरचे म्हणाल तर तुमची अडचण त्याने सुटणार नाही, उलट नव्या वेषात परत येईल. वायपर यॅमलचे टॅग बघतच नाही. त्याला ‘मॅपस्ट्रक्चर’ या वेगळ्या लायब्ररीचे टॅग लागतात, आणि ते नसतील तर अंडरस्कोरवाली फील्डे आज येतात तशीच रिकामी येतील. तो सगळ्या की स्मॉल अक्षरांत करतो, त्यामुळे मॅपच्या कींमध्ये कॅपिटल अक्षरांना अर्थ असेल तर तो गेला. आपोआप एन्व्हायर्नमेंट वाचण्याची सोय चालू केली तरी जी की वायपरला आधी कुठूनच माहीत नाही ती ‘अनमार्शल’मध्ये उतरत नाही. कडकपणासाठी ‘अनमार्शल-एक्झॅक्ट’ आहे, पण ते शोधून वापरणारे मी फार कमी पाहिले. खरोखर चार स्रोत एकत्र करायचे असतील तर झिरोधाचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांची कोआनफ लायब्ररी बघा. ती लहान आहे आणि कींच्या अक्षरांशी खेळत नाही. तुमच्या सर्व्हिसला एक फाईल आणि चार-पाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेत. त्याला शंभर-दीडशे ओळींचा स्वतःचा लोडर पुरतो.

चालू सर्व्हिसमध्ये फाईल पुन्हा वाचायची सोय इतक्यात करू नका, असे माझे मत. करायचीच असेल तर चालू प्रोग्रॅमला बाहेरून पाठवायच्या ‘सिगहप’ सिग्नलवर करा. फाईलवर पहारा ठेवायची युक्ती बरेच एडिटर मोडतात, कारण ते नवी फाईल लिहून जुन्या नावावर सरकवतात. कुबरनेटीसचा कॉन्फिगमॅपही (कॉन्फिग फाईल पुरवणारी त्याची सोय) सिमलिंक, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारे नाव, बदलून अद्ययावत होतो आणि ‘सबपाथ’ने, म्हणजे त्यातली एकच फाईल म्हणून, जोडला असेल तर होतच नाही. सिग्नल आल्यावर पूर्ण नवे स्ट्रक्ट वाचा, पडताळा, आणि सगळे नीट असेल तरच गो १.१९ मधल्या ‘ॲटॉमिक.पॉइंटर’ने एका झटक्यात बदला. पडताळणी फसली तर जुनेच चालू ठेवा आणि एरर मोठ्याने नोंदवा. प्रोमिथियस यासाठी शेवटचे रीलोड यशस्वी झाले की नाही याचा वेगळा मेट्रिकच देतो. पोर्ट आणि कनेक्शनची मर्यादा ही तुमची दोन फील्डे मात्र नुसते स्ट्रक्ट बदलल्याने बदलत नाहीत. मर्यादा डेटाबेसच्या हँडलवर पुन्हा लावावी लागते, पोर्टला रीस्टार्ट लागतो. रीलोडमध्ये पोर्ट बदललेला दिसला तर तसे लॉगमध्ये स्पष्ट लिहा.